भाड्यातून हप्ता सुटेल ना?

भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसला की हाच प्रश्न विचारतो. त्यामागून दुसरा येतो: "सुरुवातीचे पैसे कमी पडतायत, ते कुठून उभे करू?" पिंपरी-चिंचवडमधल्या एका लॅब टेक्निशियन मुलीचा अनुभव यासाठीच सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय चौतीस, हातात येणारा पगार ६२ हजार. स्वतः मैत्रिणीसोबत भाड्याने राहायची, त्याचे १२ हजार. दरमहा ८ हजार गावी वडिलांना, म्हणजे अण्णांना. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कराडजवळच्या गावात स्वतःचं घर. मुलीने मोशीत ४२ लाखांचा वन बीएचके पाहून ठेवला होता. राहण्यासाठी नाही, भाड्यासाठी. बचत होती ९ लाख. एजंटने सांगितलं होतं, ८० टक्के कर्ज मिळेल, उरलेलं पर्सनल लोनने भागवा, किंवा अण्णांचं घर तारण ठेवा.

ती म्हणाली, "अण्णा तयार आहेत. मलाच झोप लागत नाही."

मी तिला आधी वही काढायला लावली. ३० लाखांच्या वर कर्ज गेलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे इथे ३३ लाख ६० हजार. उरलेले ८ लाख ४० हजार स्वतःचे. लोकांचा हिशोब इथेच थांबतो. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या ८० टक्क्यांत धरत नाहीत. तिच्या एकटीच्या नावावर खरेदी झाली तर महिलांची एक टक्क्याची सवलत धरून मुद्रांक ६ टक्के, म्हणजे २ लाख ५२ हजार. अण्णांचं नाव मालक म्हणून जोडलं असतं तर ती सवलत गेली असती. नोंदणीचे ३० हजार. एजंटचं कमिशन, बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, रंगरंगोटी, गिझर, बाथरूमची गळती. बेरीज पावणेतेरा लाखांच्या जवळ गेली. पावणेचार लाख कमी.

मग पर्यायांकडे वळलो. पर्सनल लोनचा तर मी बोट ठेवून हिशोब केला, कारण सगळ्यात पटकन मिळणारं तेच असतं. ४ लाख, १३ टक्के, पाच वर्षं: हप्ता ९,१०० च्या आसपास. गृहकर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी २९ हजारांच्या थोडा वर. दोन्ही मिळून ३८ हजार. मोशीत भाडं मिळणार १४ हजार. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरा. मेंटेनन्स, मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना लागणारी दुरुस्ती वजा करा. भाड्यातले महिन्याला दहा हजारही हातात पडत नाहीत.

"आता रिकाम्या महिन्याचा हिशोब कर," मी म्हटलं. तिने पगारातून दोन्ही हप्ते, मेंटेनन्स, स्वतःचं भाडं आणि गावचे पैसे वजा केले. उरले दोन हजारांहून कमी. तिने पेन खाली ठेवलं.

आणखी एक गोष्ट एजंटने सांगितली नव्हती. पर्सनल लोन सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत दिसतं, आणि बँक पगारातले चालू हप्ते वजा करूनच गृहकर्जाची पात्रता ठरवते. आधी पर्सनल लोन घेतलं असतं तर ३३ लाख कदाचित मंजूरच झाले नसते. मंजुरी झाल्यावर लपवून घ्या, असा सल्ला देणारेही भेटतात. मी तो कधीच देत नाही.

अण्णांच्या घराबद्दल मी स्पष्ट बोलले. तारणावरचं कर्ज गृहकर्जापेक्षा महाग असतं. गावठाणातल्या घराची कागदपत्रं बँकेला बहुतेक वेळा पुरेशी वाटत नाहीत. आणि कागद चोख असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. ज्या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, ते भाड्याच्या घरासाठी पणाला लावायचं नाही. भाडेकरू सोडून गेला तर दुसरा मिळेल. त्या दोघांना दुसरं घर कुठून आणायचं?

"ताबा मिळेपर्यंत बिल्डरच हप्ता भरेल" अशी योजनाही तिने पाहिली होती. अशा योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सावध केलं आहे. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डर थांबला की बँक तुमच्याकडेच येते.

करबचतीची आशाही मी काढून घेतली. ती नव्या करप्रणालीत होती. तिथे भाड्याच्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातूनच वजा होतं, उरलेला तोटा पगारातून नाही.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे नकोच घेऊ का?"

घे, पण हप्त्याची तालीम करून, असं मी म्हटलं. कर्ज कोण देईल हे शोधायला फार वेळ लागत नाही. हप्ता आणि भाडं यांच्यातला फरक पगारातून महिनोनमहिने निघतो का, हे मात्र आधी करूनच कळतं. पर्सनल लोन सोडून नुसतं गृहकर्ज धरलं तरी तिचा फरक १९ हजारांच्या पुढे होता. तिने बँकेत दरमहा २५ हजारांचं रिकरिंग डिपॉझिट सुरू केलं, दीड वर्षासाठी. दिवाळीतसुद्धा मोडायचं नाही, एवढीच अट.

त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला. आवाज दुखावलेला. "मॅडम, पोरीला एवढं तरी द्यावं वाटतंय. घराचा काय उपयोग आम्हाला?" आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी मी म्हटलं, काका, घर तसंच राहू द्या. द्यायचंच असेल तर निवृत्तीच्या पैशांतून झेपेल तेवढं द्या, बँकेतून द्या, आणि तिच्या भावाला सांगून द्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशांवर तिला कर लागत नाही. भावाला अंधारात ठेवलं तर मात्र त्याची किंमत पुढे मोजावी लागते. त्यांनी दीड लाख दिले. ते खरेदीत वापरले नाहीत. वेगळी एफडी केली, फक्त रिकाम्या महिन्यांसाठी.

दीड वर्षाने तिच्याकडे साडेतेरा लाख आणि वर थोडं व्याज होतं. आणि घर बदललं होतं. मोशीच्याच एका जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेला दुसरा मजला, ३३ लाख. तयार घर, म्हणून जीएसटी नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेची परवानगी, होतं. कर्ज २३ लाखच घेतलं, हप्ता २० हजारांच्या आत. भाडं १२ हजार. खर्च वजा जाता दरमहा साडेअकरा हजारांच्या आसपास खिशातून जातात. २५ हजारांची सवय झालेलीला ते जाणवत नाहीत. उरलेले पैसे ती मुद्दलात भरते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो, हे मी तिला लिहूनच दिलं होतं.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत. सोसायटीने भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा हजार रुपये जादा मागितले, तेव्हा तिने स्वतःच नियम दाखवला: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

पाचव्या महिन्यात भाडेकरूची बदली झाली. घर सहा आठवडे रिकामं होतं. त्या काळात तिचा एकदाच फोन आला. अण्णा गावाहून आलेत, दोघं मिळून भिंतीचं पोपडे आलेलं प्लास्टर खरवडतायत, आणि नवा भाडेकरू येण्याआधी वॉटरप्रूफिंगही करून घ्यावं का, एवढंच तिला विचारायचं होतं.