हॉस्टेलच्या फायर सेफ्टीचं काम नवीन आलंय? आधी एवढंच बघा

सर, टेन्शन घेऊ नका, पहिल्याच महिन्यात सगळं कळायला पाहिजे असं काही नाही. हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ), पंप वगैरे नंतर. आधी एकदा रात्री ११ नंतर सगळे मजले नुसते फिरून या, कारण मागच्या जिन्याचं दार दिवसा उघडं असतं आणि रात्री त्याला कुलूप, हीच सगळ्यात मोठी चूक, मी एकदा साध्या ड्रिलला चावीवाल्या वॉचमनला दहा मिनिटं शोधत होतो, हातपाय गार पडले होते.

मग हे बघा:
- आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना, पिन आणि सील जागेवर आहे ना. सीओटूवाल्याला (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) काटा नसतो, त्याचं वजनच करावं लागतं.
- रूममधली इंडक्शन, हीटर, एका एक्स्टेंशनवर चार-चार प्लग.
- जिन्याखालच्या जुन्या गाद्या. आजच हलवा.

नवीन माणूस कागदातच अडकतो. फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा लायसन्सवाल्या एजन्सीचा दाखला) जानेवारी-जुलैत द्यायचाच आहे, पण मुलांच्या हातात सिलिंडर देऊन एकदा पिन ओढायला लावा. आणि आग दिसली की आधी १०१, साहेबांना फोन नंतर.