नेते सामान्य मतदारापासून इतके तुटलेले का असतात?

तुमच्या प्रश्नातलं 'तुटलेले' मला पटत नाही. मी निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. आमच्याकडे नेते तुटलेले नाहीतच, उलट नको इतके येतात. लग्न, साखरपुडा, जावळ, दहावा, काही सोडत नाहीत. प्रत्येकाचं 'जनसंपर्क कार्यालय' आहे आणि तिथे चहाही चांगला मिळतो.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट सांगतो. आजीचा दहावा होता, गोदाकाठी. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे, तेवढ्यात तीन गाड्या आल्या. साहेब उतरले, कार्यकर्ता कानाला लागला, आणि साहेबांनी माइक हातात घेऊन आजीचं नाव, गाव, माहेर सगळं बिनचूक सांगितलं. 'या माउलीनं कांदे खांडून पोरं शिकवली,' म्हणाले. (खांडणं म्हणजे काढलेल्या कांद्याची पात कापणं.) बायकांच्या डोळ्यांत पाणी. सहा-सात मिनिटांत गाड्या पुढच्या दहाव्याला रवाना.

त्याच आठवड्यात केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती, ८ डिसेंबरपासून. रात्रीतून निर्णय. नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर बसले. आमच्या लाल कांद्याला बंदीच्या आधी क्विंटलला ३,४०० ची बोली लागली होती. लिलाव सुरू झाल्यावर त्याच वावरातली दुसरी ट्रॉली १,७०० ला गेली. पंचवीस क्विंटलची ट्रॉली म्हणजे साडेबेचाळीस हजारांचा फरक. दोन्ही पट्ट्या काकांच्या सदऱ्याच्या खिशात होत्या, घाटावरसुद्धा. साहेब हात जोडून त्यांच्यासमोरून गेले, पण कांद्याचा 'क' निघाला नाही. काकाही बोलले नाहीत, दहाव्याला कोण बोलणार?

शहरातल्या वाचकांसाठी: पट्टी म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशोबाचा कागद. वजन, भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई अशी कपात आणि शेवटी हातात काय पडलं ते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली अशी एक पट्टी राज्यभर फिरली होती. ५१२ किलो कांदा, किलोला १ रुपया, कपात जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्यानं २ रुपयांचा चेक दिला, तोही पुढच्या तारखेचा.

म्हणून मला वाटतं, संपर्क भरपूर आहे, पण तो माणसाच्या सुखदुःखाशी आहे, त्याच्या पट्टीशी नाही. बरं, हे अज्ञानही नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा दादा भुसे म्हणाले होते की ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. भुसे मालेगावचे, म्हणजे कांद्याच्याच मुलखातले, आधी राज्याचे कृषिमंत्री होते आणि तेव्हा आमच्याच नाशिकचे पालकमंत्री. त्यांना पट्टी काय असते हे कोणी शिकवायची गरज नाही. (तसं बघितलं तर ते बोलणं शहरी गिऱ्हाईकाला उद्देशून होतं आणि त्यात थोडं तथ्यही होतं. पण ऐकायला वाईट ते वाईटच.) निर्मला सीतारामन २०१९ साली लोकसभेत म्हणाल्या की आमच्या घरात कांदा-लसूण फारसा खात नाहीत, त्यावर देशभर गदारोळ झाला. मला ते एवढं लागलं नाही. मध्येच कोणी खासदारानं डिवचलं, त्याला दिलेलं उत्तर होतं ते. ज्यांच्या घरी कांद्याची चाळ, म्हणजे साठवणीची शेड, आहे त्यांची विधानं मला जास्त लागतात.

मग माहीत असून असं का? कारण कांदा खाणारा आणि कांदा पिकवणारा यांत खाणारे कितीतरी जास्त. १९९८ ला दिल्लीत भाजपचं सरकार गेलं, त्यात महागलेल्या कांद्याचा मोठा वाटा होता. तो धडा कुठलाच पक्ष विसरलेला नाही. भाव चढला की टीव्हीवर बाजारातली पिशवी दिसते, पडला की रस्त्यावर ओतलेला कांदा दिसतो, तोही एकच दिवस. निवडणूक जवळ आली की निर्यात आवळायची, हे मतदाराची नाडी न कळणाऱ्याचं काम नाही. नाडी अगदी बरोबर धरलीय, फक्त हात आमचा नाही.

कधीकधी हा अंदाज चुकतो. २०२४ च्या लोकसभेला चुकला. बंदी उठली ४ मे ला, आमच्याकडे मतदान २० मे ला, आणि उठवली तीही ४० टक्के शुल्क ठेवून. त्याआधी एप्रिलमध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, जो मुख्यतः गुजरातचा. आमच्या पारावर त्यावर जे बोललं गेलं ते इथे लिहिता येत नाही. आमच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, एका शाळामास्तरांकडून, भास्कर भगरे सरांकडून, लाखापेक्षा जास्त फरकानं. त्यातही गंमत म्हणजे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि भगरे आडनावाचाच दुसरा एक उमेदवार नुसती तुतारी चिन्ह घेऊन उभा होता, तो लाखभर मतं खाऊन गेला, तरी सर निवडून आले. निकालानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच कबूल केलं की नाशिककडे कांद्यानं रडवलं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, मतदारानं धडा शिकवला. मीही जूनमध्ये तेच म्हणत होतो. नोव्हेंबरात विधानसभा झाली. नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला. कांदा खाऊ नका म्हणणारे भुसे लाखावर मताधिक्यानं आले. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, लाडकी बहीण. जुलैपासून महिन्याला १,५०० आणि मतदानाच्या आधी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० खात्यात.

निकालाच्या रात्री जेवताना काका चिडले होते. त्यांनी काकूला पट्टीचा हिशोब ऐकवला, साडेबेचाळीस हजार गेले एका ट्रॉलीत आणि तुम्ही साडेसात हजारांवर भुललात. काकू भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, 'पट्टी तुमच्या खिशात असते. तीस वर्षं झाली मला कांदे खांडून, एकदा तरी दाखवलीत का? हे पैसे माझ्या नावावर आले.'

काकांनी ताट पुढे सरकवलं आणि वरण मागितलं.