दहावीच्या पालकांसाठी: आधी गुणांची मांडणी समजून घ्या

पाल्य पहिल्यांदाच राज्य मंडळाच्या दहावीला बसणार असेल, तर क्लासच्या चौकशीआधी गुण कसे वाटले आहेत ते पाहा. सहा विषय, एकूण ६०० गुण, पण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर. त्यामुळे एका नावडत्या विषयापायी घरात रोजची भांडणं नकोत. तो विषय पास मात्र व्हायलाच हवा.

भाषांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत. गणित आणि विज्ञानाच्या ४०-४० गुणांच्या दोन-दोन पत्रिका, शिवाय प्रत्येकी २० गुण शाळेच्या हातात. हे २० गुण वर्षभराच्या वह्या, गृहपाठ, प्रयोगवही यांवरही अवलंबून असतात. फेब्रुवारीत रात्र जागून जर्नल पूर्ण करण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी ते उघडून शिक्षकांची सही बघा.

गणितात मुलं सोप्या जागी गुण घालवतात. प्रत्येक पत्रिकेत पहिल्या प्रश्नाचे ८ गुण, त्यांतले ४ बहुपर्यायी. तिथे पर्यायाचं अक्षर लिहावं लागतं आणि पहिलंच उत्तर तपासलं जातं, खाडाखोड करून दुसरं लिहिलं तर उपयोग नाही. रिकाम्या चौकटी भरायच्या कृतींना आणखी ७ गुण असतात. पाठ्यपुस्तकातल्या कृती सोडवून घेतल्यात तर कच्च्या मुलालाही इथे आधार मिळतो.

जानेवारीपासून आठवड्यातून एक पत्रिका घरी घड्याळ लावून, दोन तासांत, सलग सोडवू द्या. मध्ये चहा-पाणी विचारू नका. नंतर गुण मोजण्याआधी विचारा: कुठला प्रश्न वेळेअभावी राहिला आणि कुठला येत नव्हता? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.