नागपूर ते पुणे विमानाने नेमकं किती किलोमीटर आहे?

सरळ रेषेत साधारण 605 किलोमीटर, आपल्या सोनेगाव विमानतळापासून पुण्याच्या लोहगावपर्यंत. कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, कागदावरही काढता येतं. सोनेगाव 21.09 उत्तर अक्षांश आणि 79.05 पूर्व रेखांशावर आहे, लोहगाव 18.58 आणि 73.92 वर. अक्षांशांतला फरक 2.51 अंश, एका अंशाचे सुमारे 111 किमी धरले की दक्षिणेकडे 279 किमी. रेखांशांतला फरक 5.13 अंश, पण रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश 105 किमीपेक्षा किंचित कमीच भरतो; म्हणजे पश्चिमेकडे 537 किमी. आता शाळेतला पायथागोरस लावा. एवढ्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही.

मात्र विमान नेमकं एवढंच उडतं असं नाही. ठरलेले हवाई मार्ग, धावपट्टीची दिशा, उतरण्यासाठी आपला नंबर येईपर्यंत हवेत मारलेल्या घिरट्या (लोहगाव हा हवाई दलाचाही तळ आहे), यांमुळे प्रत्यक्ष उड्डाण थोडं लांबतं. तिकिटावरच्या वेळेत तर धावपट्टीपर्यंतची रांगती चालही धरलेली असते, म्हणून त्या वेळेवरून अंतर काढायला जाऊ नका.

तुलनेसाठी:
- रस्त्याने 700 किमीच्या वर, मार्गानुसार कमीजास्त
- भुसावळ-मनमाड-दौंडवरून रेल्वेने 900 किमीच्या आसपास