जुन्या गाडीला जपानचा जुना गिअरबॉक्स बसवावा का? वाचकांचे प्रश्न

यावेळी टपालात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचाच, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्सचाच, बाजार भरलाय. चार पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलं, पण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू आहे, त्यामुळे तुमची होंडा नसली तरी वाचा.

प्रश्न: नमस्कार दादा, आमची २००२ ची होंडा अ‍ॅकॉर्ड आहे, चार सिलिंडर २.३ लिटर, ऑटोमॅटिक, १ लाख ७० हजार मैल झालेत. बाकी गाडी ठणठणीत, मुलगा कॉलेजला घेऊन जातो. हल्ली दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं आणि मग दणका देऊन गिअर पडतो, डॅशबोर्डवरचा डी-४ चा दिवाही लुकलुकतो. मेकॅनिक म्हणतो ट्रान्समिशन गेलं. जवळच्या एका जुन्या सुट्या भागांच्या यार्डात जपानहून आलेलं, "५० हजार मैल चाललेलं", ९० दिवसांच्या वॉरंटीचं मिळतंय, रीबिल्टपेक्षा (उघडून, झिजलेले भाग बदलून परत जुळवलेल्यापेक्षा) खूपच स्वस्त. हे म्हणतात घेऊन टाकू, मला धाकधूक वाटते. — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ताई, आधी तो दिवा बघू. या होंडात डी-४ लुकलुकतो म्हणजे कॉम्प्युटरने ट्रान्समिशनचा काहीतरी कोड साठवून ठेवलाय. तो कोड मेकॅनिकने वाचला का, कुठला निघाला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कोड न वाचता "गेलं" म्हणून मोकळा होणाऱ्याच्या हातात एवढं मोठं काम देऊ नका. या गिअरबॉक्सला बाहेरच्या अंगाला सॉलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, असतात, त्यांच्या गॅस्केटला बारीक जाळी असते, ती तुंबली की तेलाचं प्रेशर नीट पोचत नाही आणि गिअर घसरायला लागतो. ती काढून साफ करायला बॉक्स उतरवावा लागत नाही. तेलही बघा. एकदा ड्रेन केलं की जेमतेम निम्मं निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या तेलाने भरलेल्या डब्यात, बसून राहतं, म्हणून तीनदा काढायचं-भरायचं, मधे थोडी गाडी फिरवायची. तेल होंडाचंच, डीडब्ल्यू-१, जुन्या झेड-१ च्या जागी आता तेच चालतं, "सगळ्या गाड्यांना चालतं" अशी बाटली नको. खरं सांगायचं तर तुम्ही लिहिलेलं वर्णन बॉक्सच्या आतले क्लच झिजल्याचं वाटतंय, त्यामुळे मी फार आशा लावत नाही, पण एवढं केल्याशिवाय बॉक्स घ्यायला जाऊ नका.

आता जपानचा माल स्वस्त का येतो ते. तिकडे शाकेन नावाची सक्तीची तपासणी असते, नव्या गाडीला ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी, त्यात टॅक्स आणि सक्तीचा विमा धरून बरेच पैसे जातात, आणि १३ वर्षांनंतर वजनावरचा टॅक्स आणखी वाढतो. त्यामुळे धडधाकट गाड्याही लोक काढून टाकतात, मग इंजिनं-गिअरबॉक्स सुटे होऊन कंटेनरमधून जगभर जातात. म्हणजे "जपानहून आलंय, कमी चाललंय" यात तथ्य आहे, नुसती थाप नाही. पण ५० हजार मैल हा आकडा आला कुठून ते यार्डवाल्याला विचाराच. ओडोमीटर गाडीतच राहतो, बॉक्सवर काही मीटर नसतो, आणि जपानात गाड्या मैल मोजतच नाहीत, किलोमीटर मोजतात. कागद दाखवला तर उत्तम, नाहीतर तो आकडा कानाआड करा आणि बॉक्स बघा.

बॉक्सवर शिक्क्यातला नंबर असतो, तो तुमच्या जुन्या बॉक्सवरच्या नंबराशी ताडून बघा. "अ‍ॅकॉर्डचंच आहे" हे पुरत नाही, कारण हेच २.३ चं इंजिन तिकडे अ‍ॅकॉर्ड वॅगनमध्ये होतं, ओडिसीतही होतं, आणि त्यात चारही चाकं ओढणाऱ्या गाड्याही होत्या, तसला बॉक्स आला तर मागे एक जास्तीचं ट्रान्स्फर केस (मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग) लटकत असेल आणि तुमच्या गाडीत ते बसणारच नाही. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर वेगळं निघालं तर बसेल, पण हायवेला इंजिन उगाच जास्त फिरत राहील. सेन्सर आणि केबलचा ब्रॅकेट वेगळा असला तर घाबरू नका, ते तुमच्या जुन्या बॉक्सचे काढून नव्याला लावता येतात. म्हणून जुना बॉक्स लगेच भंगारात घालू नका, काम संपून गाडी चार दिवस चालेपर्यंत राहू दे कोपऱ्यात.

होंडाच्या या बॉक्सला खालून उघडायचं पॅन नसतं, म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ड्रेन प्लग असतो, चौकोनी खाचेचा, ३/८ इंचाचं रॅचेट थेट त्यात बसतं, आणि त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो. यार्डात उभं राहून तो काढायला सांगा. चुंबकावर काळपट राखाडी मऊ लेप, बोटावर चोळला तर ग्रीससारखा लागतो, तो चालतो, प्रत्येक बॉक्समध्ये असतोच. चकचकीत कण, किंवा नखाने उचलता येईल असा तुकडा दिसला की तिथेच नमस्कार करून निघायचं. जे दोन थेंब तेल पडेल त्याचा वास घ्या, जळका असला तर पण नको. कनेक्टर फुटलेत का, कटरने वायरी बुंध्याशी कापल्यात का, फोर्कलिफ्टने केसिंगच्या बोल्टचे कान तुटलेत का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. प्लग काढू देत नसेल तर दुसरं यार्ड गाठा, न्यू जर्सीत यार्डांना तोटा नाही. घरी मागवणार असलात तर ट्रकवाल्याच्या पावतीवर सही करायच्या आधी पॅकिंग उघडून बघा आणि काही तुटलं असेल तर त्याच पावतीवर लिहा, नंतर कोणी ऐकत नाही.

धाकधूक व्हायला हवी ती वॉरंटीच्या कागदावर. ९० दिवसांची वॉरंटी म्हणजे बॉक्स खराब निघाला तर बॉक्सच्या बदल्यात बॉक्स. तो उतरवायचे-चढवायचे पैसे कोण देणार? बहुतेक कागदांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लेबर धरलेलं नाही, लायसन्स असलेल्या गॅरेजमध्येच बसवलं पाहिजे आणि तेलाची पावती दाखवली पाहिजे. बॉक्स स्वस्त, बसवणं महाग, असा हा सगळा मामला आहे. दुसऱ्यांदा लेबर भरायची वेळ आली की "स्वस्त पडलं" हे वाक्य घरात कोणी काढत नाही. लेबर धरणारी वॉरंटी थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल तर घ्या, आणि मेकॅनिकशी आधीच बोलून ठेवा की बॉक्स खराब निघाला तर तो किती घेणार.

बसवताना तीन गोष्टी मेकॅनिककडून कबूल करून घ्या. एक, रेडिएटरच्या आत जो तेलाचा कूलर असतो तो धुवायचा, नाहीतर जुन्या बॉक्सचा सगळा भुगा नव्याच्या पोटात जातो, आणि मग वॉरंटीवाला म्हणतो तुमचीच घाण. शंका असेल तर रेडिएटरच बदला, आणि परतीच्या पाइपात एक छोटा फिल्टर लावा. दोन, क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील आणि अ‍ॅक्सलचे सील, बॉक्स खाली असतानाच बदलायचे, नंतर त्याच सीलसाठी परत सगळं उतरवावं लागतं. तीन, टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सच्या तेलाच्या पंपात पूर्ण बसलाय ना. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने खट्ट खट्ट करत सरकतो, आणि शेवटी बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या इंजिनकडच्या तोंडाच्या) काठापासून चांगला आत जातो, काठावर पट्टी आडवी धरली की अंतर दिसतं. तो अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून बॉक्स इंजिनला खेचला की पंप फुटतो, आणि चांगला बॉक्स पहिल्याच दिवशी मेला. तेलाची पातळी होंडात गाडी गरम करून, इंजिन बंद करून, एक-दीड मिनिटाच्या आत बघतात. टोयोटात इंजिन चालू ठेवून बघतात, त्यामुळे टोयोटावाल्या मेकॅनिकला सवयीने चुकीचं भरू देऊ नका.

एवढं सगळं जुळत असेल तर घ्या, मी तरी घेईन. पण हीच अ‍ॅकॉर्ड व्ही-सिक्स असती तर मी नको म्हटलं असतं. त्या काळातल्या होंडाच्या व्ही-सिक्स ऑटोमॅटिकची दुखणी प्रसिद्धच आहेत, २००४ मध्ये तर पाच गिअरच्या बॉक्ससाठी कंपनीला अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, दुसरा गिअर तापून खराब व्हायचा म्हणून. जुना बॉक्स काढून त्याच घराण्यातला दुसरा जुना बसवला तर दुखणं पण सोबत येणार. तिथे सुधारित पार्ट टाकून नीट रीबिल्ट केलेलाच घ्यावा.

प्रश्न: २००२ ची टोयोटा राव्ह-४. गिअर बदलताना झटके द्यायची, रिव्हर्सलाही दणका. गॅरेजवाल्याने यार्डातला वापरलेला बॉक्स टाकला, थोडे दिवस बरी चालली, आता परत तेच. तो म्हणतो बॉक्स खराब निघाला, दुसरा मागवू. मागवू का? — ह्यूस्टन

उत्तर: थांबा! मागवू नका. २००१ ते २००३ च्या राव्ह-४ मध्ये बॉक्सच्या आधी इंजिनाचा कॉम्प्युटर बिघडतो, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो तो. तो सॉलेनॉइडना चुकीचे हुकूम द्यायला लागतो आणि गाडी अशी झटके देते की कोणालाही वाटावं ट्रान्समिशन गेलं. टोयोटाने अमेरिकेत याच कॉम्प्युटरची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख ५० हजार मैल केली होती, ती मुदत आता कधीच संपली, पण त्यावरून समजा की ही काही एकट्यादुकट्या गाडीची तक्रार नव्हती. पी०७५० किंवा पी०७५५ असे सॉलेनॉइडचे कोड आलेत का विचारा. आधी कॉम्प्युटर दुरुस्तीला पाठवा, बोर्डावरचं सोल्डर आणि ट्रान्झिस्टर बदलून देणारे लोक आहेत, बॉक्सच्या मानाने किरकोळ खर्च आहे. यार्डातून दुसऱ्या राव्ह-४ चा कॉम्प्युटर मात्र आणू नका, त्यालाही तोच रोग असायचा. आणि तोपर्यंत गाडी उभी ठेवा, कारण असे झटके खात चालवली तर आत्ता बसवलेला बॉक्स खरंच जाईल. तुमच्या गॅरेजवाल्याने पहिला बॉक्स टाकायच्या आधी हे बघायला पाहिजे होतं असं माझं मत आहे, पण ते भांडण तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न: काका, पुण्यात माझ्याकडे बाबांची २००५ ची होंडा सीआर-व्ही ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्स गेलाय, हे दोन ठिकाणी दाखवून पक्कं केलंय. मिस्त्री म्हणतो कुर्ल्याहून इम्पोर्टेड बॉक्स आणू. आरटीओची काही भानगड होईल का? आणि फसवणूक? — कोथरूड, पुणे

उत्तर: आरटीओचं टेन्शन घेऊ नकोस. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन बदललं असतंस तर नोंद करावी लागली असती. पण एक हिशेब आधी कर. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं आणि मग दर ५ वर्षांनी नव्याने करावं लागतं, फिटनेस आणि ग्रीन टॅक्ससकट. पुढचं नूतनीकरण तोंडावर असेल तर बॉक्सवर पैसे घालायच्या आधी बॉडी आणि चासीचा गंज बघून घे, बाबांची गाडी असली तरी.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर माल मिळतो, चांगलाही मिळतो, पण तिथे "जपान" हा शब्द फार सैल वापरतात. इथल्याच अपघातातल्या गाडीचा बॉक्स धुऊन पुसून, ब्रश मारून इम्पोर्टेड म्हणून ठेवलेला असू शकतो. धुऊन चकचकीत केलेल्या बॉक्सपेक्षा मला धुळीतला बॉक्स जास्त आवडतो, निदान कुठून तेल गळतंय ते तरी दिसतं. या पिढीच्या सीआर-व्हीत फेसलिफ्टच्या सुमारास चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स आला, बाहेरून गाडी जवळजवळ तीच, म्हणून वर्ष सांगून बॉक्स मागू नकोस, जुन्या बॉक्सवरच्या नंबराचा फोटो घेऊन जा आणि मिस्त्रीला सोबत ने. वर ताईंना सांगितलेली ड्रेन प्लगची तपासणी इथे जशीच्या तशी करायची. गॅरंटी बहुधा तोंडी असते आणि ती फिटिंगपुरतीच असते, गाडी पुण्याला आणून बसवेपर्यंत ती संपलेली असू नये, म्हणून बसवल्यापासून किती दिवस हे बिलावर लिहून घे, पक्कं बिल घे, आणि बॉक्सवर दुकानदाराची खूण असेल तर तिचा फोटो काढून ठेव, नाहीतर परत न्यायला गेलास की "हा आमचा माल नाही" ऐकावं लागतं. मिस्त्रीचं कमिशन दुकानदाराकडून असतंच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, फक्त भाव आधी स्वतः दोन दुकानांत विचार.

प्रश्न: २००८ ची निसान अल्टिमा, सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन) गेली. जपानी एक्स-ट्रेलची वापरलेली सीव्हीटी स्वस्तात मिळतेय. — नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर: नको. निसानने २००३ ते २०१० च्या काही मॉडेल्सच्या सीव्हीटीची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल केली होती, यातच सगळं आलं. वापरलेली सीव्हीटी म्हणजे आतला स्टीलचा पट्टा आणि पुली किती झिजलीय हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, चुंबक बघून पण नाही. शिवाय या बॉक्सची स्वतःची कॅलिब्रेशनची माहिती असते, ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते, आणि ते यंत्र आणि ते ज्ञान प्रत्येक गॅरेजकडे नसतं, त्यामुळे बॉक्स चांगला निघाला तरी गाडी झुलतच राहील. गाडी बाकी सुस्थितीत असेल तर लेखी वॉरंटीची रीमॅन्युफॅक्चर केलेली घ्या. तिचा भाव ऐकून घाम फुटला तर गाडी आहे तशी विकून टाका, आणि विकताना सीव्हीटी गेलीय हे गिऱ्हाइकाला सांगा.