कोल्हापुरी चप्पल, पण जळगावची केळी

मुलुंडच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘ऑफिसात डबा खाताना कोणाच्या गावाचं काय प्रसिद्ध यावर गप्पा रंगल्या. एकाची कोल्हापुरी चप्पल, एकीची सोलापुरी चादर, तिसऱ्याची नागपुरी संत्री. मी जळगावचा. झोकात म्हटलं, “आमची जळगावी केळी!” तर सगळे हसले. यात चुकलं काय? जळगावला ही “ई” का मिळत नाही? पुण्याच्या “पुणेरी”त मधला “र” कुठला? आणि आपण राहतो त्या मुंबईचं विशेषण काय?’

हसणाऱ्यांचे कान बरोबर होते. का हसलो, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

ही ‘ई’ प्रसिद्धीचं बक्षीस आहे असं आपण धरून चालतो, तिथेच घोटाळा होतो. जळगावची केळी नावाजलेली नाहीत असं कोण म्हणेल? पण ‘ची’ सांगते माल कुठून आला ते, आणि ‘ई’ सांगते ती तऱ्हा कुठली ते. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. म्हणजे दादरला तुम्ही पायात घालून, दोन पावलं चालून, करकर ऐकून घेतलेला जोड कर्नाटकातल्या अथणीत शिवलेला असू शकतो, आणि तरी तो कोल्हापुरीच. ‘कोल्हापूरची चप्पल’ म्हणून गळ्यात मारला तर मात्र दुकानदार खोटं बोलला. मुंबईतल्या हॉटेलांनी ही ‘ई’ आणखीच लांब नेली. काजूच्या लाल रश्शात भाज्या, वर तळलेल्या दोन सुक्या मिरच्या, की झालं ‘व्हेज कोल्हापुरी’. खुद्द कोल्हापूरकराला पानात काय आलंय ते ओळखू येत नाही, पण शब्दाने आपलं काम केलेलं असतं: जे तिखट, ते कोल्हापुरी.

सगळ्यात सुरेख दाखला पैठणीचा. हिंदमाताजवळच्या एका दुकानात एक बाई दुकानदाराला अडवत होत्या. ‘पैठणी म्हणता, मग येवल्याची कशी?’ त्याने वाद घातला नाही. पदर उलटा करून गादीवर पसरला. मोर दोन्ही बाजूंनी सारखाच, मागे धागा लोंबत नाही. म्हणाला, ‘ताई, पैठणीच आहे, येवल्याची.’ व्याकरणाचं पुस्तक न उघडता दोन्ही प्रत्ययांचा फरक याहून नेमका सांगता येणार नाही. पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, येवला नाशिक जिल्ह्यात, आणि आज बहुतेक माग चालतात ते येवल्यात. तरी ‘येवली’ साडी जन्माला आली नाही, कारण येवल्याने तऱ्हा नवी काढली नाही, होती ती जिवापाड सांभाळली. (यात येवल्यावर अन्याय झाला असं मला वाटतं, पण भाषा असल्या तक्रारी ऐकून घेत नाही.) आणि एकदा तऱ्हा रुजली की वस्तूचं नाव गळून विशेषणच नाम होऊन बसतं. पैठणी नेसतात, पायात कोल्हापुरी घालतात; साडी आणि चप्पल हे शब्द उच्चारावेही लागत नाहीत. बनारस शहराचं अधिकृत नाव 1956 साली वाराणसी झालं, शालू अजून बनारसीच आहे.

आता तुमची केळी. केळ्यांतही ‘ई’वाला वाण आहे, पण तो अर्धापुरी, नांदेडकडच्या अर्धापूरचा. जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागा केवढ्या, तरी जळगावच्या नावाचा वाण लोकांच्या तोंडी बसला नाही. नाशिकच्या द्राक्षांची कथा तीच. तिथल्या मळ्यांत थॉमसन नावाचा वाण पिकतो, म्हणून ती ‘नाशिकची’, ‘नाशिकी’ नव्हेत. उलट नागपुरी संत्रं हा वाण आहे, आणि त्याच्या मोठमोठ्या बागा अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे आहेत. वरुडचा बागाईतदार ‘आमची नागपुरी संत्री’ म्हणतो तेव्हा कोणी हसत नाही.

‘जळगावी’ला कानाचीही एक अडचण आहे. मराठीत ‘गावी’ म्हणजे गावात. ‘मे महिन्यात गावी जाणार’ हे वाक्य मुंबईत फेब्रुवारीपासून ऐकू येतं. त्यामुळे ‘जळगावी केळी’ ऐकलं की कान क्षणभर पुढच्या क्रियापदाची वाट बघतो: जळगावी केळी... काय झाली? स्वस्त? ‘पंढरपुरी’ हाही असाच दुहेरी शब्द. अभंगात तो ‘पंढरपुरात’ या अर्थाने येतो, आणि म्हशींच्या बाजारात तो एक वाण असतो, शिंगं पार खांद्यामागे गेलेला. एकाच शब्दात विठोबा आणि म्हैस, आणि दोघांचं छान जमतं.

माणसांनाही हाच न्याय. पुण्यात राहतो तो पुणेकर. पुणेरी असायला पुण्यात राहावं लागत नाही. पार्ल्यात जन्म काढलेले आणि दुपारी एक ते चार दाराची कडी न काढणारे अस्सल पुणेरी मी पाहिले आहेत. ‘कर’ पत्ता सांगतो, ही ‘री’ स्वभाव सांगते. गिरगाव-दादरच्या खाणावळींच्या पाट्यांवरचं ‘मालवणी’ही तसंच पसरलेलं. गल्ल्यावर बसलेला मालक कुडाळचा असतो नाहीतर कणकवलीचा, मालवणात त्याचं कोणी नसतं.

‘र’चं कोडं सोपं आहे. सोने, रुपे, पुणे हे शब्द एका दमात म्हणून बघा. सोने-सोनेरी, रुपे-रुपेरी, तसं पुणे-पुणेरी. शेवटी ‘ए’ आहे, त्याला नुसती ‘ई’ चिकटली तर ‘पुणेई’ होईल, ते जिभेला झेपत नाही. या रांगेत ‘चंदेरी’ बसवताना मात्र जपून. चंदेरी दुनियेतली चंदेरी चांदीची. चंदेरी साडीतलं चंदेरी हे मध्य प्रदेशातल्या गावाचं नाव, जसंच्या तसं. मग ठाण्याचं ‘ठाणेरी’ का नाही, असं तुम्ही मुलुंडकर शेजारधर्माने विचारणारच. घडण जमते, पण शब्दाला लागणारी तऱ्हा ठाण्याने दिली नाही. 1901 पासूनच्या मनोरुग्णालयामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ एवढी कीर्ती मात्र लाभली. तरी ठाणेकर अलिबागकरांपेक्षा सुखी. ‘अलिबाग से आया है क्या’ हे मुंबईतलं पालुपद बंद करा, अशी याचिका उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली आणि पालुपद चालू राहिलं.

मुंबईच्या शेवटी ‘ई’ आधीच बसलेली. तीच अडचण रत्नागिरी, वसई, सांगली यांची. एकतर ‘ची’ लावा, सांगलीची हळद, वसईची केळी. नाहीतर नाव तसंच पुढे ठेवा, रत्नागिरी हापूस. वडापावही ‘मुंबईचा’ यावरच थांबला. हिंदी ‘बंबइया’च्या वाटेने ‘मुंबय्या’ आलं, पण ते बोलीला आणि ढंगाला लागतं, वस्तूला नाही. ‘मुंबय्या हिंदी’ नागपुरात बसूनही बोलता येते, म्हणजे इथेही तऱ्हाच.

लिहिण्याबद्दल एक: कोल्हापूर, सोलापूर, नागपूर लिहिताना ‘पू’ दीर्घ, ‘ई’ लागली की ‘पु’ ह्रस्व. ‘कोल्हापूरी’ ही पाटी दादर स्टेशनबाहेर कितीही वेळा दिसली तरी चूकच.

ऑफिसातल्या फडात तुम्हाला ‘ई’ मिरवायचीच असेल तर केळी सोडा आणि एक दिवस डब्यात भरीत न्या. जळगावचं भरताचं वांगं तुमच्या हक्काचं, आणि ‘खानदेशी भरीत’ म्हणालात तर कोणी हसणार नाही. फक्त शेजारी धुळ्याचा कोणी बसला असेल तर तो अर्धा वाटा मागेल.