वाचकांचे प्रश्न : आसियानचे एकमत आणि मोटारीचे इंजिन

प्रश्न : आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसियान’ संघटनेत मतदान होत नाही, एका देशाने मान हलवली नाही तर सगळेच अडते, असे वाचनात आले. तरीही त्या देशांची आर्थिक प्रगती डोळ्यांत भरते. मग या प्रगतीत संघटनेचा वाटा नेमका किती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, आणि त्याचे कारण संघटनेच्या जन्मातच आहे. ८ ऑगस्ट १९६७ रोजी इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड हे पाच देश बँकॉकमध्ये एकत्र आले, तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला सशस्त्र संघर्ष मिटून जेमतेम वर्ष झाले होते आणि सिंगापूरला मलेशियातून वेगळे होऊन दोन वर्षे. अशा शेजाऱ्यांना बहुमताच्या दाव्याने बांधणे शक्यच नव्हते. म्हणून इंडोनेशियातल्या गावसभेची ‘मुशावारा’ आणि ‘मुफाकात’, म्हणजे आधी चर्चा आणि मग एकमत, ही रीत संघटनेने उचलली. (‘मुशावारा’ आणि हिंदी-उर्दूतला ‘मशवरा’ हे एकाच अरबी धातूपासून आलेले शब्द आहेत.)

या रीतीने अर्थकारण कसे चालले, ते दोन प्रयोगांवरून समजते. पहिला प्रयोग १९७६चा. पाच सरकारांनी ठरवले की प्रत्येकाने एकेक मोठा कारखाना काढावा आणि त्याच्या मालाला इतर चौघांनी आपली बाजारपेठ द्यावी. इंडोनेशिया आणि मलेशियाकडे युरिया आला, फिलिपिन्सकडे सुपरफॉस्फेट, थायलंडकडे सोडा ॲश आणि सिंगापूरकडे डिझेल इंजिने. कागदावर योजना देखणी होती. पण डिझेल इंजिने आपण स्वतःच बनवतो, असे म्हणत इंडोनेशियाने हरकत घेतली आणि सिंगापूरने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. ठरल्याप्रमाणे उभे राहिले ते युरियाचे दोन कारखाने, सुमात्रातल्या आचेमध्ये आणि मलेशियाच्या सारावाकमधल्या बिंतुलू येथे.

दुसरा प्रयोग १९८८चा, आणि माझ्या मते आसियानची खरी कथा तिथून सुरू होते. या वेळी कारखाने सरकारांनी वाटले नाहीत. मोटार कंपन्यांना फक्त एवढी मुभा दिली गेली की एका देशात बनलेला सुटा भाग दुसऱ्या देशातल्या आपल्याच कारखान्यात नेताना निम्मे आयातशुल्क माफ व्हावे आणि तो भाग स्थानिक बनावटीचाच धरला जावा. पुढे टोयोटाने डिझेल इंजिने थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिने इंडोनेशियात, गिअरबॉक्स फिलिपिन्समध्ये आणि स्टिअरिंगचे भाग मलेशियात बनवायला घेतले. इंडोनेशिया सुरुवातीला या योजनेच्या बाहेर होता. तो १९९५मध्ये आत आला, आणि तोवर त्याच्यासाठी कोणाचे काही अडले नव्हते. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणारी इनोव्हा याच साखळीतून जन्मली. २००४मध्ये ती प्रथम इंडोनेशियात आली, आणि त्या जागतिक साखळीसाठी लागणारे गिअरबॉक्स किर्लोस्करांच्या भागीदारीतल्या बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातही बनू लागले.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की संघटनेने उद्योग उभारले नाहीत, तर उद्योगांच्या वाटेतली शुल्के कमी केली. १९९२च्या मुक्त व्यापार क्षेत्राच्या करारानेही हेच केले. त्यातही ज्याला झळ बसणार होती, त्याने हात आखडता घेतला: मलेशियाने आपल्या ‘प्रोटॉन’ मोटारीच्या रक्षणासाठी मोटारींवरची शुल्ककपात पुढे ढकलून घेतली. आजही सदस्य देशांच्या एकूण व्यापारापैकी आपसांतला व्यापार एक-चतुर्थांशाच्या आतच आहे. बाकीचा माल चीन, अमेरिका, जपान आणि युरोप यांच्याशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा आहे.

प्रश्न : १९९७च्या आर्थिक संकटानंतर या देशांनी एकमेकांना वाचवण्यासाठी निधी उभारला म्हणतात. त्याचा उपयोग झाला का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निधी उभारला गेला, पण त्यातून आजवर एकदाही पैसा उचलला गेलेला नाही. हे कोडे उलगडायचे तर थोडे मागे जावे लागेल. थायलंडमधल्या बँका आणि वित्तसंस्था डॉलरमध्ये अल्पमुदतीची कर्जे घेत आणि तो पैसा बँकॉकमधल्या इमारतींत गुंतवत. २ जुलै १९९७ रोजी बाहत या थाई चलनाचा डॉलरशी बांधलेला दर मोकळा सोडणे सरकारला भाग पडले. तोवर २५ बाहतला मिळणारा डॉलर पुढच्या जानेवारीत ५० बाहतच्याही वर गेला. कर्ज डॉलरचे आणि भाडे बाहतचे, त्यामुळे बांधकामे आहेत तशी थांबली. चाओ फ्राया नदीजवळचा एक अर्धवट मनोरा त्या काळाची खूण म्हणून पुढे कित्येक वर्षे तसाच उभा राहिला.

त्याच वर्षी जपानने आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली होती. ती अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विरोधामुळे बारगळली. मग २०००मध्ये थायलंडमधल्या च्यांग माई येथे आसियान, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी अडचणीत एकमेकांना चलन देण्याचे करार ठरवले. आता त्या व्यवस्थेची क्षमता २४० अब्ज डॉलर आहे. मात्र हा पैसा एका तिजोरीत साठवलेला नसून ती केवळ वचने आहेत, आणि एखाद्या देशाच्या वाट्याचा मोठा हिस्सा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकारल्याशिवाय मिळत नाही. नाणेनिधीच्या ज्या दारात पुन्हा उभे राहायचे नाही म्हणून हे घर बांधले, त्याच दाराची किल्ली याला लावून ठेवली आहे. त्यामुळेच २००८मध्ये दक्षिण कोरियाने फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून ३० अब्ज डॉलरची सोय करून घेतली आणि च्यांग माईकडे पाहिलेही नाही. संकटातून खरा धडा प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे घेतला, तो म्हणजे आपापली परकीय गंगाजळी वाढवण्याचा.

प्रश्न : इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर शेजारच्या देशांत जातो, तरी कोणी काही करत नाही का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आसियान देशांचा करार आहे. २००२मध्ये त्यावर सह्या झाल्या आणि पुढच्या वर्षी तो अमलातही आला. पण ज्याच्या भूमीवर आग लागते, त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४मध्ये. मधल्या काळात, जून २०१३मध्ये, सिंगापूरच्या हवेचा प्रदूषण निर्देशांक ४०१वर पोहोचला होता, आणि तिथे ३००च्या पुढची हवा घातक मानतात. शेवटी सिंगापूरने २०१४मध्ये स्वतःचा कायदा केला, ज्यानुसार परदेशात आग लावून सिंगापुरात धूर आणणाऱ्या कंपनीवर कारवाई करता येते. सामूहिक कराराची वाट पाहणे परवडत नाही, हे त्या छोट्या देशाने न बोलता मान्य केले.

प्रश्न : भारत आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारात गेला नाही, म्हणजे आसियानचा माल आपल्याकडे स्वस्तात येणे थांबले, असे समजावे का? (एक दूध उत्पादक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसे समजू नये. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आरसेपला नकार दिला, त्यामागे चिनी मालाची आणि, आपल्या दृष्टीने महत्त्वाची म्हणजे, न्यूझीलंडच्या दूध भुकटीची धास्ती होती. आसियानशी आपला वस्तुव्यापाराचा करार मात्र २००९मध्येच झालेला असून १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आहे. पामतेल, चहा, कॉफी आणि मिरी यांची शुल्के त्यात हळूहळू उतरवली गेली. त्यानंतर आसियानशी होणाऱ्या व्यापारातली आपली तूट वाढत गेली, म्हणून भारताने या कराराचा फेरविचार मागितला. त्यातला एक कळीचा मुद्दा मालाच्या मूळ देशाचा आहे: सध्या सवलत मिळवण्यासाठी साधारणपणे ३५ टक्के मूल्य सदस्य देशांत पडणे आणि प्रक्रियेनंतर मालाचे शुल्काच्या यादीतले वर्गीकरण बदलणे पुरेसे असते, आणि चीनमधून आलेला माल थोडी डागडुजी करून व्हिएतनाम किंवा थायलंडचा म्हणून आपल्या बंदरात उतरू नये, यासाठी हे नियम कडक करावेत असे भारताचे म्हणणे आहे.